बाळाच्या रक्तातील शिसे आणि सरकारी नोंदवही : वाचकांचे प्रश्न

गेल्या महिन्यात या सदरात मुलांच्या पहिल्या वाढदिवसाच्या सुमारास होणाऱ्या तपासण्यांचा ओझरता उल्लेख आला होता. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रे एकाच तपासणीबद्दल होती, ती म्हणजे रक्तातील शिशाची. त्यातही औषधोपचारापेक्षा कागदपत्रांचीच काळजी जास्त दिसली, म्हणून या वेळी पाचही पत्रे याच विषयावरची निवडली आहेत. पत्रलेखक अमेरिकेत राहणारे किंवा तिथे मुलांकडे गेलेले आहेत, तेव्हा उत्तरेही तिथल्याच कायद्यांपुरती आहेत.

प्रश्न : आमची मुलगी तेरा महिन्यांची आहे. वर्षाच्या तपासणीला डॉक्टरांनी तिच्या बोटाला टोचून रक्त घेतले. आठवड्याभराने स्थानिक आरोग्य खात्यातील एका परिचारिकेचा फोन आला. मुलीच्या रक्तात शिशाचे प्रमाण ६.२ आल्याचे तिने सांगितले आणि घर कोणत्या साली बांधलेले आहे, असे विचारले. डॉक्टरांच्या कचेरीने तोपर्यंत आम्हाला काहीच कळवले नव्हते. आमच्या परवानगीवाचून आमच्या मुलीचा अहवाल सरकारकडे गेलाच कसा?
– एक आई, न्यू जर्सी

उत्तर : परक्या माणसाच्या तोंडून आपल्या मुलीचा आकडा ऐकावा लागला, याचा राग येणे स्वाभाविक आहे. मात्र तो राग प्रयोगशाळेवर किंवा आरोग्य खात्यावर काढण्यासारखा नाही. त्या दोघांनी आपापले काम वेळेवर केले. उशीर झाला तो तुमच्या डॉक्टरांच्या कचेरीकडून.

गोवराचा किंवा क्षयरोगाचा रुग्ण आढळला की आरोग्य खात्याला कळवावे लागते, हे आपल्याला नवीन नाही. शिशाची बाधा संसर्गाने पसरत नाही, तरीही तिची नोंद त्याच वाटेने जाते. राज्यांच्या साथरोगतज्ज्ञांच्या परिषदेने १९९५ साली मुलांच्या रक्तातील वाढलेल्या शिशाचा समावेश राष्ट्रीय पातळीवर कळवण्याच्या आजारांच्या यादीत केला, आणि संसर्गजन्य नसलेली अशी ती त्या यादीतील पहिलीच बाब होती. यामागचा विचार सरळ आहे. मुलाच्या रक्तातील शिसे बहुतेक वेळा त्याच्या घरातून येते : १९७८ पूर्वीच्या इमारतींमधील जुन्या रंगाच्या पापुद्र्यांतून, खिडकीच्या चौकटीवरच्या धुळीतून, अंगणातल्या मातीतून, नळाच्या जुन्या जोडांतून. तुम्ही उद्या घर सोडून गेलात, तरी त्याच खोलीत पुढच्या भाडेकरूचे बाळ रांगणार असते. म्हणून तो आकडा तुमच्या मुलीचा असला, तरी माहिती त्या घराचीही असते.

प्रयोगशाळांनी हे निकाल कळवावेत, असे सांगणारा एक देशव्यापी केंद्रीय कायदा अमेरिकेत नाही. प्रत्येक राज्याचा आपापला कायदा किंवा नियम आहे आणि त्यांत मुदतींचा, वयाचा, तपशिलाचा फरक असतो. तुमच्या न्यू जर्सीत प्रत्येक मुलाची तपासणी बाराव्या आणि चोविसाव्या महिन्याच्या सुमारास करणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे, आणि निकाल राज्याला कळवणे प्रयोगशाळेवर. कॅलिफोर्नियात वाढलेला आकडा तीन कामकाजी दिवसांत आणि बाकीचे निकाल तीस दिवसांत पोहोचवावे लागतात. तपासणीला तुमची संमती लागते. निकाल कळवण्याला लागत नाही. वैद्यकीय माहितीच्या गोपनीयतेचा जो केंद्रीय कायदा ‘हिपा’ या नावाने आपल्याला प्रत्येक दवाखान्याच्या कागदावर भेटतो, त्याच्या नियमांतच सार्वजनिक आरोग्याचे काम पाहणाऱ्या अधिकृत यंत्रणेला अशी माहिती रुग्णाच्या परवानगीशिवाय देता येते, अशी स्पष्ट तरतूद आहे.

आता फोन आधी कसा आला, ते पाहू. प्रयोगशाळेतील यंत्रावर निकाल पक्का झाला की संगणकातून जवळजवळ एकाच वेळी दोन संदेश सुटतात, एक डॉक्टरांकडे आणि एक राज्याच्या नोंदवहीकडे. राज्याकडे वाढलेला आकडा आपोआप वेगळा काढला जातो आणि पत्त्यावरून तुमच्या भागातील आरोग्य खात्याच्या यादीत जाऊन पडतो. डॉक्टरांकडे मात्र तो दिवसभरात आलेल्या शेकडो निकालांच्या ढिगात पडतो, आणि कोणीतरी तो उघडून तुम्हाला फोन करण्याची वाट पाहतो. कायद्याने प्रयोगशाळेवर टाकलेली जबाबदारी राज्याप्रती आहे. तुम्हाला सांगण्याचे काम डॉक्टरांचे. बहुतेक पालक या दोन्ही गोष्टी एकच समजतात, आणि सगळी गफलत तिथेच होते.

आकड्याविषयी थोडे. ६.२ म्हणजे एक डेसिलिटर रक्तात ६.२ मायक्रोग्रॅम शिसे. केंद्रीय रोगनियंत्रण संस्थेने, म्हणजे ‘सीडीसी’ने, २०२१ पासून ३.५ हा संदर्भ-आकडा ठरवलेला आहे. त्याच्या वर असलेले मूल देशातील १ ते ५ वर्षांच्या मुलांपैकी सर्वाधिक शिसे असलेल्या अडीच टक्क्यांत मोडते, एवढाच त्याचा अर्थ. त्याच्या खाली सगळे सुरक्षित, असा त्याचा अर्थ नाही. बोटाला टोचून घेतलेल्या थेंबात कातडीवरची धूळ मिसळू शकते, म्हणून ३.५ ते ९ या पट्ट्यातील असा निकाल तीन महिन्यांच्या आत शिरेतून रक्त घेऊन पडताळावा, अशी सीडीसीची शिफारस आहे. पडताळणीला जाल तेव्हा बाळाचे हात साबणाने धुऊन न्या. नमुना शिरेतून घेतला तरी ती सवय चांगली. आणि दशांशावर फार विसंबू नका. प्रयोगशाळांच्या क्षमतेची जी केंद्रीय परीक्षा होते, तिच्या सध्याच्या निकषांत या पातळीवर दोन मायक्रोग्रॅम इकडेतिकडे झालेले उत्तरही बरोबरच धरले जाते.

त्या परिचारिकेला परत फोन करा. घराचे साल तिने चौकशीखातर विचारलेले नाही. तिच्या सगळ्या कामाची सुरुवात त्या एका उत्तरापासून होते.

प्रश्न : आमच्या मुलाचा निकाल यंत्राच्या मोजमापाच्या मर्यादेहूनही कमी आला. तरीही तो राज्याला कळवला गेला, असे अहवालाच्या तळटीपेत लिहिले आहे. काही आढळलेच नाही तर कळवायचे काय? हा सरकारी खोगीरभरतीचा प्रकार वाटतो.
– एक वाचक, इलिनॉय

उत्तर : पूर्वी अनेक राज्यांत तुमच्या मनासारखाच नियम होता. ठरावीक पातळीच्या वरचे निकाल तेवढे कळवायचे, बाकीचे प्रयोगशाळेच्या कपाटात राहायचे. मग पातळीच बदलत गेली. १९९१ मध्ये सीडीसीने १० हा काळजीचा आकडा ठरवला, २०१२ मध्ये ५ आणि २०२१ मध्ये ३.५. ज्या राज्याने फक्त १० च्या वरचे निकाल साठवले, त्याला ६ किंवा ७ आकडा असलेली मुले आधीच्या वर्षांत किती होती आणि कुठे होती, हे सांगायला काहीच उरले नाही. त्या मुलांना जणू कोणी तपासलेच नव्हते.

दुसरे कारण साध्या भागाकाराचे आहे. एखाद्या वस्तीत चाळीस मुलांचे निकाल वाढलेले निघाले, ही बातमी चांगली की वाईट? चारशेंपैकी चाळीस आणि चार हजारांपैकी चाळीस यांत दसपट अंतर आहे, आणि भागायला लागणारी खालची संख्या तुमच्या मुलासारख्या ‘काही नाही’ निकालांतूनच मिळते. शिवाय कोणत्या भागातील मुलांची तपासणी होतच नाही, हेही त्याच संख्येवरून कळते.

मिशिगनमधील फ्लिंट शहराचे उदाहरण इथे द्यायलाच हवे. एप्रिल २०१४ मध्ये तिथला पाणीपुरवठा डेट्रॉइटच्या व्यवस्थेऐवजी फ्लिंट नदीवर नेण्यात आला. ते पाणी गंजरोधक प्रक्रियेविना सोडले गेले आणि जुन्या नळांतील शिसे पाण्यात उतरू लागले. बालरोगतज्ज्ञ मोना हॅना-अटिशा यांनी आपल्या रुग्णालयातील मुलांचे निकाल पत्त्यांनुसार मांडून पाहिले आणि सप्टेंबर २०१५ मध्ये जाहीर केले. पुढे प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, शहरातील ५ किंवा अधिक पातळी असलेल्या लहान मुलांचे प्रमाण २.४ टक्क्यांवरून ४.९ टक्क्यांवर गेल्याचे दिसले. राज्याच्या अधिकाऱ्यांनी आधी हे नाकारले. नंतर स्वतःच्याच नोंदी नव्याने तपासल्यावर त्यांना ते मान्य करावे लागले. प्रमाण दुप्पट झाले, हे विधान करायला वाढलेल्या निकालांइतकेच न वाढलेले निकालही लागले. नोंदवही भरलेली असूनही ती वेळेत नीट वाचली गेली नाही, हे वेगळे दुःख. भरलीच नसती, तर नंतर ताडून पाहायला राज्याकडे काहीच नसते.

तुमच्या मुलाची रिकामी वाटणारी ओळ ही त्या नोंदवहीतील खोगीरभरती नव्हे.

प्रश्न : आमच्या डॉक्टरांनी दवाखान्यातच छोट्या यंत्रावर तपासणी केली आणि तीन मिनिटांत ‘सगळे ठीक आहे’ असे सांगितले. आता बालवाडीने तपासणीचा दाखला मागितला, तर राज्याच्या नोंदवहीत मुलाचे नावच नाही. मुलाला प्रवेश नाकारतील का? आणि चूक कोणाची?
– एक वडील, न्यूयॉर्क राज्य

उत्तर : प्रवेशाची चिंता आधी दूर करतो. न्यूयॉर्कच्या कायद्यानुसार मुलाची तपासणी पहिल्या आणि दुसऱ्या वर्षी व्हायला हवी आणि पाळणाघरांनी व बालवाड्यांनी तिचा दाखला मागायला हवा. पण दाखला नाही एवढ्यावरून मुलाला बाहेर ठेवता येत नाही. अशा वेळी शाळेने पालकांना शिशाबद्दलची माहिती द्यायची आणि तपासणीसाठी पाठवायचे, इतकेच.

चूक बहुधा दवाखान्याची आहे, आणि ती फार ठिकाणी होते. दवाखान्यातील ते यंत्र खोक्याएवढे असते. टोचलेल्या बोटाचा थेंब बारीक काचनळीत घ्यायचा, औषधाच्या कुपीत मिसळायचा, पट्टीवर टाकायचा आणि तीन मिनिटे थांबायचे. ३.३ पेक्षा कमी असेल तर आकडा न येता पडद्यावर ‘लो’ एवढेच उमटते. परिचारिका ते पाहते, कागदावर खूण करते, पुढच्या बाळाकडे वळते. मोठ्या प्रयोगशाळेत निकाल राज्याकडे पाठवायला संगणक बसलेला असतो. इथे ते काम माणसाने आठवणीने करायचे असते. कायद्याच्या दृष्टीने मात्र तपासणी जिथे होते ती जागा प्रयोगशाळाच, आणि कळवण्याची जबाबदारीही तिचीच. आपण डॉक्टर आहोत, लॅब नव्हे, या समजुतीत राहिलेल्या दवाखान्यांचे निकाल नोंदवहीत येत नाहीत.

डॉक्टरांना दोन गोष्टी मागा. एक, तारीख आणि निकाल लिहिलेला सहीचा दाखला. तो देणे त्यांचे कर्तव्य आहे. दोन, राहिलेली नोंद राज्याकडे पाठवणे. तुम्ही न्यूयॉर्क शहरात राहत असाल, तर शहराची नोंदवही राज्याच्या नोंदवहीहून वेगळी आहे. तिथे शोधले नसेल तर शोधायला सांगा.

निकाल पाठवूनही नाव सापडले नाही, तर आणखी एक शक्यता उरते आणि ती मी जवळून पाहिली आहे. मी काही वर्षे एका प्रयोगशाळेत नमुने उतरवून घेण्याच्या टेबलावर होतो. बाळाच्या नमुन्याबरोबर येणाऱ्या कागदावर मुलाचे नाव, जन्मतारीख, लिंग, वंश, घरचा पत्ता, फोन, डॉक्टरांचे नाव, रक्त घेतल्याची तारीख आणि ते बोटातून घेतले की शिरेतून, अशा चौकटी असत. नाव आणि जन्मतारीख बहुतेक वेळा भरलेली. पत्त्याच्या चौकटीत मात्र पुष्कळदा दवाखान्याचाच शिक्का. बोट की शीर, हे तर निम्म्या कागदांवर कोरे. आपल्या नावांची तऱ्हा आणखी निराळी : एका कागदावर वडिलांचे नाव मधले नाव म्हणून, दुसऱ्यावर तेच आडनाव म्हणून. नोंदवहीच्या लेखी ती दोन मुले होत. पत्त्याच्या जागी दवाखाना असेल, तर वाढलेला आकडा आरोग्य खात्यापर्यंत पोहोचतो आणि तिथे अडतो, कारण परिचारिकेने जायचे कुठे? कॅलिफोर्नियाने अलीकडे कायद्यात दुरुस्ती करून प्रयोगशाळेकडून रुग्णाचा जास्त तपशील मागायला सुरुवात केली, ती अशा अनुभवांमुळेच. रक्त देण्यापूर्वी तो कागद स्वतः हातात घेऊन पत्ता आणि नाव वाचून पाहणे, एवढे तुमच्या हातात आहे. त्याला अर्धे मिनिट लागते.

प्रश्न : मी लेकीकडे बॉस्टनला आले आहे. नातवाच्या रक्तात शिसे वाढलेले निघाले आणि तपासनीस घरी येणार आहे. मी नातवाच्या डोळ्यांत काजळ घालते, पोट दुखले तर भारतातून आणलेली गुटी उगाळून देते. लेक म्हणते, ‘आई, हे त्यांच्यासमोर काही बोलू नकोस.’ जावयाच्या व्हिसाला धक्का लागेल, अशी तिला भीती आहे. घरमालकही नाराज आहे. खरे सांगावे की गप्प बसावे?
– एक आजी

उत्तर : आजी, सगळे खरे सांगा, आणि काजळाची डबी, गुटीचे खोड, मसाल्यांचे डबे स्वतःहून पुढे ठेवा.

प्रयोगशाळेने राज्याला जे कळवले, त्यात वर सांगितलेल्याच चौकटी असतात. व्हिसा किंवा पासपोर्ट त्यात विचारलेला नसतो. घरी येणारा माणूस शिसे कुठून येते हे शोधायला येतो. मॅसॅच्युसेट्सचा शिशाविषयीचा कायदा १९७१ चा, देशातील अशा कायद्यांमध्ये अगदी पहिला. १९७८ पूर्वीच्या घरात सहा वर्षांखालील मूल राहत असेल, तर शिशाच्या रंगाचा धोका दूर करण्याची जबाबदारी तो घरमालकावर टाकतो, आणि शिशामुळे किंवा लहान मूल असल्यामुळे भाडेकरूला घराबाहेर काढण्याला बंदी करतो. घरमालकाच्या नाराजीला कायद्याचे बळ नाही, हे लेकीला सांगा.

गप्प बसल्याने काय होते तेही सांगतो. तपासनीस भिंती, खिडक्या, धूळ तपासेल. तिथे काही सापडले नाही तर तो रिकाम्या हाताने परत जाईल, आणि नातवाच्या पोटात शिसे जातच राहील. काही काजळांत आणि सुरम्यांत शिशाचे संयुग हाच मुख्य घटक असतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची काजळाला परवानगी नाही, ती यामुळेच. हळदीला पिवळाधमक रंग यावा म्हणून त्यात लेड क्रोमेट हे शिशाचे संयुग मिसळल्याची प्रकरणे उघडकीस आलेली आहेत. इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या १९३ आयुर्वेदिक औषधांचा एक अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतील सुमारे एक पंचमांश औषधांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले, आणि त्यांत अमेरिकेत तयार झालेली औषधेही होती. तुमच्या डबीत शिसे आहेच, असे मी म्हणत नाही. ते तपासल्यावाचून कळणार नाही, आणि तपासेपर्यंत काजळ व गुटी दोन्ही बंद ठेवा.

असा शोध किती दूर जाऊ शकतो, याचे उदाहरण २०२३ चे आहे. नॉर्थ कॅरोलिनात चार मुलांचे आकडे वाढलेले आले. आरोग्य खात्याच्या माणसांनी घरात काय काय खाल्ले जाते याची विचारपूस केली, आणि सर्वांमध्ये समान निघाली ती दालचिनी घातलेल्या सफरचंदाच्या गराची पाकिटे. दालचिनीत शिसे होते. ऑक्टोबरमध्ये अन्न व औषध प्रशासनाने इशारा दिला, माल परत मागवला गेला आणि सीडीसीकडे चाळीसहून अधिक राज्यांतून ५०० पेक्षा जास्त प्रकरणांची नोंद झाली. त्या चार घरांतल्या कोणी ‘खाण्याचे काय सांगायचे’ म्हणून तोंड मिटले असते, तर पाकिटे दुकानांत तशीच राहिली असती.

प्रश्न : आम्ही गेल्या वर्षी कॅलिफोर्नियातून टेक्सासला आलो. मुलाची तपासणी तिकडे झाली होती. इकडच्या डॉक्टरांना ती दिसत नाही. एवढे सगळे सरकारला कळवले जाते, तर मग ते दिसत का नाही?
– एक आई, टेक्सास

उत्तर : कारण ते कॅलिफोर्नियाला कळवले गेले, टेक्सासला नाही. मुलांच्या नावानिशी देशभराची एकच नोंदवही अस्तित्वात नाही. राज्ये सीडीसीला जी आकडेवारी पाठवतात, तिच्यातून नाव आणि ओळख काढून टाकलेली असते. तुमच्या जुन्या डॉक्टरांकडून प्रत मागवा. ते दाद देत नसतील, तर थेट प्रयोगशाळेकडे मागा. २०१४ च्या केंद्रीय नियमापासून रुग्णाला, आणि लहान मुलाच्या बाबतीत पालकांना, स्वतःचा अहवाल प्रयोगशाळेकडून मिळवण्याचा हक्क आहे, आणि तो साधारणपणे तीस दिवसांत द्यावा लागतो. तिकडचा आकडा वाढलेला असेल, तर आणखी एक फोन करा, कॅलिफोर्नियातील त्या जुन्या घराच्या भागातील आरोग्य खात्याला. त्यांची पत्रे अजून तिथल्याच दारात पडत असतील, आणि ती उघडणाऱ्या नव्या बिऱ्हाडात कदाचित लहान मूल असेल.